‘बंगाल’ युद्धनौका

शत्रू समुद्रात पाणसुरुंग पेरून ठेवतो. दोराने तळाशी जखडलेला असा सुरुंग पाण्याखाली दबा धरून असतो आणि जहाजाचा धक्का लागताच फुटतो. सुरुंग काढणारी नौका आपल्यामागून दातेरी तार ओढीत जाते. तिने तो दोर कापला, की सुरुंग वर येतो; मग गोळ्या झाडून त्याचा नाश करतात. काम जोखमीचे खरे, पण त्यात कीर्ती थोडी!

अशाच कामासाठी ‘बंगाल’ ही नौका सिडनी येथे बांधण्यात आली. १९४२ साली ती तत्कालीन ब्रिटिश अमलाखालील हिंदी नौदलात दाखल झाली. तिचे वजन अवघे साडेसहाशे टन. हिंदुस्थानकडे येताना ‘ओंडिना’ या डच तेलवाहू जहाजाला सोबत करण्याचे काम तिच्याकडे आले.

११ नोव्हेंबर १९४२ रोजी, कोकोस बेटांच्या नैऋत्येस, ‘होकोकू मारू’ व ‘आइकोकू मारू’ ही दोन जपानी जहाजे समोर आली. प्रत्येक जहाज सुमारे १०,००० टनांचे आणि मोठ्या तोफांनी सज्ज! ‘बंगाल’वर जहाजाशी झुंजण्याजोगी तोफ एकच, तीही लहान. लेफ्टनंट कमांडर विल्सन यांनी ओंडिनाला दूर जाण्यास सांगितले आणि आपली नौका सरळ शत्रूच्या रोखाने घातली.

ओंडिनावरूनही तोफ धडाडू लागली. एक गोळा ‘होकोकू मारू’वर अचूक बसला, आग भडकली आणि प्रचंड स्फोट होऊन ते जहाज बुडाले. तो गोळा कोणाचा, यावर पुढे बराच वाद झाला. आपल्याकडे श्रेय ‘बंगाल’ला देतात. पण ओंडिनाची तोफ अधिक मोठी होती, हे नाकारण्यात आपला मोठेपणा नाही. दोन बलाढ्य जहाजांवर आपण होऊन चालून जाण्याचे साहस मात्र निर्विवाद ‘बंगाल’चेच.

दारूगोळा संपत आल्यावर ती माघारी वळली. ओंडिना वाचली नसावी, अशीच तिच्यावरील खलाशांची समजूत होती. ‘बंगाल’ दिएगो गार्सियाला सुखरूप पोहोचली.

इकडे ओंडिनाचे कप्तान होर्समन गोळ्याने ठार झाले. पाणतीर लागले. नावांत उतरलेल्या खलाशांवरही शत्रूने गोळ्या झाडल्या. पण जहाज बुडाले नाही. शत्रू निघून जाताच उरलेले खलाशी पुन्हा त्यावर चढले, त्यांनी आग विझवली, यंत्रे सुरू केली आणि आठवड्याभरात ते जखमी जहाज ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल बंदरास लावले.