शिंदी दुपारी का चढते?

प्रश्न : आजोबा सांगायचे, शिंदीचा रस पहाटे गोड लागतो आणि दुपारी तोच चढतो. त्यात कुणी काही घालत नाही, मग नशा येते कुठून? आणि ती माणसाला पचते कशी?
– एक वाचक, जिंतूर (जि. परभणी)

उत्तर : घालावं लागतच नाही. झाडाला रसासाठी पाडलेल्या खाचेत, रस साठणाऱ्या मडक्याच्या भिंतीला, रसावर घोंगावणाऱ्या माश्यांच्या अंगावर यीस्ट ही सूक्ष्म बुरशी असतेच. ती रसातली साखर खाते. त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मडक्यावर येणारा फेस या वायूचाच. ऊन तापेल तसा आंबण्याला जोर चढतो. म्हणून नीरा, म्हणजे न आंबलेला गोड रस, काढणारे आंबणं रोखायला मडक्याला आतून चुना लावतात.

पचण्याची गोष्ट मात्र फार जुनी आहे. माणूस, चिंपांझी आणि गोरिला यांच्या समान पूर्वजात सुमारे १ कोटी वर्षांपूर्वी ‘एडीएच-४’ या विकरात एक बदल झाला आणि अल्कोहोल मोडण्याची त्याची ताकद जवळपास ४० पट वाढली. हे संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. जमिनीवर पडलेली, आंबू लागलेली फळं खाणाऱ्यांना त्याचा उपयोग झाला असावा, असं संशोधक मानतात.

पण पचते म्हणजे सोसते, असं कृपा करून समजू नका. यकृतात अल्कोहोलचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं, आणि ते विषारी असतं. रोज पिणाऱ्याला कमी चढते म्हणून त्याचं यकृत वाचत नाही. साधारण १५ टक्के अल्कोहोलमध्ये तर यीस्टच मरतं. त्याहून कडक दारू भट्टीवर गाळूनच मिळते. पिकल्या फळातल्या किंचित अल्कोहोलवर घडलेलं आपलं शरीर तिच्यापुढे तोकडं पडतं.

तुमच्या आजोबांच्या पिढीने शिंदीची दुसरी बाजूही पाहिली असेल. निजामाच्या तिजोरीत शिंदी-दारूच्या आबकारीतून मोठा पैसा जाई. तो ओघ तोडायचा म्हणून हैदराबाद मुक्तिसंग्रामात १९४७-४८ च्या सुमारास मराठवाड्यातल्या कार्यकर्त्यांनी, शाळा सोडून आलेल्या पोरांनीसुद्धा, कुऱ्हाडी घेऊन शिंदीची बनं तोडली. निजामी गेली, दारूच्या पैशावरचं सरकारांचं अवलंबित्व राहिलं. मला ते सलतं. आज गावातलं परवानाधारक दुकान बंद करायला महिलांच्या हाती मतपत्रिका आहे: उभी बाटली की आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवीवर शिक्का मारला, तर दुकानाला टाळं लागतं.