मजुरीची नोंद, इजेची नोंद

प्रास्ताविक

इ. स. १८८४ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरल्या. सत्यशोधक विचारांचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने या सभांत एक निवेदन मंजूर झाले व त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. त्यातील रविवारच्या सुट्टीची मागणी पुढे प्रसिद्ध झाली. १८९० मध्ये ती मान्यही झाली. निवेदनातील आणखी दोन मागण्या मात्र आज फारशा कोणाच्या स्मरणात नाहीत. पहिली अशी, की मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हाती पडावा. दुसरी अशी, की काम करताना जबर इजा झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी.

मजुरी आणि इजा हे दोन विषय त्या कामगारांनी एकाच कागदावर मांडले. कायद्याने त्यांची फारकत केली. इजेच्या भरपाईसाठी १९२३ चा कायदा आला, किमान मजुरीसाठी १९४८ चा. दोहोंची कार्यालये निराळी, नोंदवह्या निराळ्या. कामगाराच्या आयुष्यात मात्र हे विषय निराळे नसतात, कारण इजेची भरपाई मजुरीच्या आकड्यावरून मोजली जाते. मजुरी कमी लिहिली गेली, तर गमावलेल्या बोटाची भरपाईही कमी होते. या दोन नोंदींमधील धागा उलगडणे हा या पाठाचा विषय आहे.

किमान मजुरी कशी ठरते?

किमान मजुरी म्हणजे मालकाने मेहेरबानीने दिलेला दर नव्हे. एका कुटुंबाला जगण्यासाठी काय लागते, याचा हिशेब तिच्यामागे असतो. १९५७ मध्ये भारतीय श्रम परिषदेच्या पंधराव्या अधिवेशनाने हा हिशेब मांडला. कमावत्या माणसाचे कुटुंब तीन ‘उपभोग घटकां’चे धरावे, प्रौढ माणसाला दररोज सुमारे २७०० उष्मांकांचे अन्न मिळावे, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड मिळावे, घरभाडे धरावे आणि सरपण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण मजुरीच्या २० टक्के रक्कम ठेवावी, असे तिने सुचवले. माणसे चार असताना घटक तीनच कसे? कारण त्या गणितात पुरुष एक घटक, स्त्री ०.८ आणि प्रत्येक मूल ०.६ असे धरले होते. शेतात किंवा बांधकामावर पुरुषाच्या बरोबरीने राबणाऱ्या स्त्रीला हे गणित समजावून सांगणे अवघडच जाईल.

पुढे १९९१ मध्ये रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या हिशेबात भर घातली. मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के धरावेत, असे न्यायालयाने सांगितले. माणूस केवळ पोट भरून जगत नाही, ही गोष्ट अशा रीतीने मजुरीच्या गणितात आली.

दर सर्वत्र एकच नसतो. रेल्वे, खाणी, मोठी बंदरे अशा उद्योगांसाठी केंद्र सरकार दर ठरवते. बाकीच्या बहुतेक कामांसाठी त्या त्या राज्याचे सरकार. कामाचे वर्गही पाडलेले असतात : अकुशल, अर्धकुशल, कुशल इत्यादी. महाराष्ट्रात प्रदेशानुसार ‘परिमंडळे’ केली जातात व शहरातील दर खेड्यातील दरापेक्षा अधिक असतो. ज्या राज्यात काम चालते, त्या राज्याचा दर लागू होतो. कामगाराचे गाव कोणते हे पाहिले जात नाही. सोलापूरहून सुरतेला किंवा नांदेडहून हैदराबादला कामासाठी गेलेल्या माणसाने गावाकडचा दर मनात धरून चालणे म्हणूनच चुकीचे ठरते.

मूळ दराचा फेरविचार साधारणपणे पाच वर्षांच्या आत व्हावा लागतो. परंतु महागाई पाच वर्षे थांबत नाही. म्हणून मूळ दराला जोडून महागाईनुसार बदलणारा भत्ता दिला जातो. तो केंद्राच्या कक्षेत १ एप्रिल व १ ऑक्टोबर, तर महाराष्ट्रात १ जानेवारी व १ जुलै या तारखांपासून बदलत आला आहे. याचा अर्थ असा, की मागच्या वर्षी बरोबर असलेली मजुरी या वर्षी बेकायदेशीर ठरू शकते. कोणी एक पैसाही कापलेला नसला तरी. पुष्कळ छोट्या कारखान्यांत असेच घडते. तेथे लबाडीपेक्षा आळस अधिक असतो. कामगाराचे नुकसान मात्र दोन्ही प्रकारांत सारखेच होते.

एका रुपयाचा प्रश्न

१९८२ च्या नोव्हेंबरात दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. त्यासाठी उड्डाणपूल, क्रीडागारे आणि वसाहती उभारण्याचे काम ठेकेदारांनी परप्रांतांतून आणलेल्या मजुरांकडून करून घेतले. तेव्हा किमान मजुरी दिवसाला ९ रुपये २५ पैसे होती. ठेकेदार ही रक्कम जमादारांच्या हाती देत आणि जमादार दर मजुरामागे दररोज एक रुपया दलाली कापून घेत. मजुराच्या हाती ८ रुपये २५ पैसे पडत. ‘पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स’ या संघटनेने न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांना पत्र लिहून ही स्थिती कळवली. सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले.

सप्टेंबर १९८२ मध्ये निकाल लागला. कोणी बंदूक रोखून काम करून घेतले तरच ती सक्ती, असे न्यायालयाने मानले नाही. भूक आणि दारिद्र्य हीसुद्धा सक्तीच आहे. म्हणून किमान मजुरीपेक्षा कमी मोबदल्यात काम करून घेणे म्हणजे राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरवलेली वेठबिगार होय, असा निर्णय न्यायालयाने दिला. मजुराने स्वतः कमी दर कबूल केला होता, ही सबबही त्यामुळे लंगडी पडते. किमान मजुरीचा हक्क सोडून देण्याचा करार, त्यावर अंगठा असो की सही, कायद्याच्या दृष्टीने रद्दबातल असतो.

कायदाही बदलतो

दर बदलतात तसे कायदेही बदलतात. श्रमविषयक २९ केंद्रीय कायद्यांच्या जागी संसदेने चार संहिता केल्या. वेतन संहिता २०१९ ची, तर बाकीच्या तीन २०२० च्या. त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. १९४८ चा किमान वेतन कायदा आणि १९२३ चा भरपाईचा कायदा यांची जागा आता या संहितांनी घेतली आहे. जुन्या अधिसूचना नव्या कायद्याशी विसंगत नसतील तेवढ्यापुरत्या चालू राहतात.

यातील दोन बदल कामगाराने विशेष ध्यानात घेण्याजोगे आहेत. पूर्वी किमान मजुरी केवळ अनुसूचीत नोंदलेल्या धंद्यांना लागू होती. आता ती सर्व प्रकारच्या रोजगाराला लागू आहे. दुसरा बदल मुदतीचा. कमी मिळालेल्या मजुरीसाठी पूर्वी सहा महिन्यांच्या आत दावा करावा लागे. वेतन संहितेने ही मुदत तीन वर्षे केली आहे. दावा खरा ठरल्यास थकलेल्या रकमेखेरीज तिच्या दहा पटींपर्यंत भरपाई देण्याचा आदेश होऊ शकतो. शिवाय मजुरी दिली हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. ‘सहा महिने उलटले, आता काही होत नाही,’ असे एखाद्या मुकादमाने सांगितले, तर तो कदाचित खोटे बोलत नसेल. तो जुना कायदा सांगत असेल.

मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळाला पाहिजे, असेही संहिता सांगते. लोखंडे यांच्या निवेदनातील मागणी पंधरा तारखेची होती.

अठ्ठेचाळीस तास

आता दुसऱ्या नोंदीकडे वळू. कामाच्या जागी अपघात होऊन कोणी मृत्यू पावला, किंवा ४८ तास वा त्याहून अधिक काळ काम करता येणार नाही अशी इजा झाली, तर त्याची सूचना सरकारी अधिकाऱ्याकडे पाठवणे बंधनकारक आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात हीच ४८ तासांची रेघ होती; नव्या सुरक्षा संहितेनेही ती कायम ठेवली आहे. बाष्पकाचा स्फोट, यारी कोसळणे अशी धोकादायक घटना घडली, तर कोणालाही खरचटले नसले तरी ती कळवावी लागते.

रेघ आखली की तिच्या अलीकडे राहण्याची धडपड सुरू होते. बोटाला टाके पडलेल्या कामगाराला दुसऱ्याच दिवशी कारखान्यात बोलावून नुसते स्टुलावर बसवून ठेवतात आणि हजेरीपटावर ‘हजर’ अशी खूण करतात. कागदावर ४८ तास पूर्ण होत नाहीत व अपघात घडलाच नाही असे ठरते. कामगाराला त्यात सोय वाटते, कारण त्याचा रोज बुडत नाही. पण कायदा काम करता येण्याविषयी बोलतो, दाराच्या आत असण्याविषयी नव्हे. जखम चिघळून पुढे बोट कापावे लागले, तर ते यंत्रात सापडले होते की घरी विळीने कापले, असा वाद उभा राहतो. तेव्हा ‘हजर’ ही खूण मालकाच्या बाजूने साक्ष देते.

म्हणून कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या यंत्रावर इजा झाली आणि जवळ कोण होते, हे अपघाताच्या नोंदवहीत लिहिले गेले की नाही, हे विचारण्याला मोल आहे. दवाखान्यात डॉक्टरांनी कारण विचारल्यावर ‘पडलो’ एवढेच न सांगता कामावर झालेला अपघात सांगितला, तर तो केसपेपरवर उतरतो. पुष्कळदा तोच एक कागद मालकाच्या हाताबाहेरचा असतो.

राज्य कामगार विमा योजना, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘ईएसआय’, लागू असेल तर उपचार व लाभ विमा महामंडळाकडून मिळतात. कामावरील इजेच्या लाभासाठी आधी अमुक इतके महिने वर्गणी भरलेली असावी अशी अट नाही. कामाच्या पहिल्याच दिवशी झालेली इजाही त्यात येते. ईएसआय लागू नसेल तर भरपाईची जबाबदारी मालकाची. ठेकेदाराकरवी काम चालत असले तरी मूळ मालक हात झटकू शकत नाही. भरपाई भरून ती ठेकेदाराकडून वसूल करणे हा त्याचा प्रश्न.

भरपाईचे गणित

काम करण्याची क्षमता कायमची व पूर्णपणे गेली, तर मासिक मजुरीच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. वय जितके कमी, तितका गुणक मोठा. कारण पुढे कमावण्याची वर्षे अधिक बुडालेली असतात. तीस वर्षांच्या कामगारासाठी हा गुणक २०७.९८ आहे, पन्नास वर्षांच्या कामगारासाठी १५३.०९. अवयव अंशतः गेला असेल, तर अनुसूचीतील टक्केवारीइतकी भरपाई मिळते. संपूर्ण अंगठा गेल्यास ३० टक्के, संपूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के.

समजा, तीस वर्षांच्या एका कामगाराची तर्जनी दाबयंत्रात गेली. त्याच्या कामाचा कायदेशीर दर महिना १२,००० रुपये आहे. ६० टक्के म्हणजे ७,२०० रुपये. त्याला २०७.९८ ने गुणले की १४,९७,४५६ रुपये होतात. त्याचे १४ टक्के म्हणजे सुमारे २,०९,६४४ रुपये. आता असे धरू, की भत्त्याची वाढ त्याला कधी दिलीच गेली नाही आणि पगारपत्रकावर ९,००० रुपयेच लिहिले आहेत. त्याच रीतीने हिशेब केला तर भरपाई सुमारे १,५७,२३३ रुपये भरते. दरमहा तीन हजारांचा तोटा तो सोसतच होता. इजेच्या दिवशी त्यात एकदम बावन्न हजारांची भर पडली.

भरपाईचा दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करावा लागतो. रक्कम देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही, तर तिच्यावर १२ टक्के व्याज चढते आणि विलंबास सबळ कारण नसल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंडही बसू शकतो. कामगाराकडून पगारचिठ्ठी, हजेरीचा पुरावा, केसपेपर आणि घडल्या प्रसंगाचे साक्षीदार मागितले जातात. यांतील पहिले दोन कागद अपघाताच्या पुष्कळ आधी, धडधाकट असतानाच जमा करावे लागतात.

शब्दार्थ

वेठबिगार – मोबदला न देता किंवा अपुरा देऊन सक्तीने करून घेतलेले काम
परिमंडळ – दर ठरवण्यासाठी आखलेला प्रदेश
बाष्पक – वाफ तयार करण्याचे यंत्र, बॉयलर
यारी – ओझी उचलण्याचे यंत्र, क्रेन
तर्जनी – अंगठ्याशेजारचे बोट

स्वाध्याय

१. १८८४ च्या निवेदनातील मजुरीविषयीची व इजेविषयीची मागणी स्वतःच्या शब्दांत लिहा.
२. एकही पैसा न कापता मजुरी बेकायदेशीर कशी ठरू शकते?
३. जखमी कामगाराला स्टुलावर बसवून ‘हजर’ दाखवण्यामागील हेतू व त्याचे परिणाम स्पष्ट करा.
४. पाठातील रीत वापरून, पन्नास वर्षांच्या व महिना १०,००० रुपये मजुरी असलेल्या कामगाराचा संपूर्ण अंगठा गेल्यास मिळणारी भरपाई काढा.
५. तुमच्या परिसरातील एखाद्या कामाचा सध्याचा किमान दर व त्याची अधिसूचना मिळवा आणि ती वर्गमित्रांना वाचून दाखवा.