केराच्या टोपलीतील चाल

१९३८ सालच्या डिसेंबर महिन्यातील गोष्ट. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात ड्यूक एलिंग्टन यांचा वाद्यवृंद आला होता. तो काळ जॅझ संगीताच्या बहराचा होता. पंधरा-पंधरा वादकांचे वाद्यवृंद गावोगाव हिंडत आणि त्यांच्या तालावर हजारो लोक नृत्य करीत. एलिंग्टन हे त्या वाद्यवृंदांच्या नायकांतील अग्रणी होत.

तेथे तेवीस वर्षांचा एक तरुण त्यांच्या भेटीस आला. औषधांच्या दुकानात काम करून तो चरितार्थ चालवी; पण त्याचा सारा जीव संगीतात होता. बिली स्ट्रेहॉर्न हे त्याचे नाव. तो पियानोपाशी बसला आणि एलिंग्टन यांचीच एक रचना त्याने त्यांच्यासारखी हुबेहूब वाजवून दाखविली. मग तीच रचना त्याने स्वतःच्या ढंगाने वाजविली. एलिंग्टन चकित झाले. त्यांनी त्याला न्यूयॉर्कला बोलाविले.

एलिंग्टन यांचे घर न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात होते. हार्लेम ही कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती. एलिंग्टन व स्ट्रेहॉर्न हे दोघेही त्याच समाजातील. वर्णभेदामुळे इतरत्र पदोपदी अवमान सोसणाऱ्या त्या समाजातील अनेक कवी, गायक व वादक तेथे एकत्र आले होते. घराची वाट सांगताना एलिंग्टन यांनी 'ए' या अक्षराने ओळखली जाणारी भुयारी आगगाडी धरण्यास सांगितले. एवढ्या साध्या सूचनेवरून स्ट्रेहॉर्न यांना एक चाल सुचली. 'टेक द ए ट्रेन' हे तिचे नाव.

परंतु चाल लिहून झाल्यावर त्यांचे समाधान होईना. ती फ्लेचर हेंडरसन या दुसऱ्या रचनाकाराच्या धाटणीची वाटते, मग ती आपली कशी म्हणावी? या विचाराने त्यांनी तो कागद केराच्या टोपलीत टाकला.

१९४१ च्या आरंभी एक संकट उभे राहिले. संगीतकारांची एक संस्था आणि नभोवाणी केंद्रे यांच्यात मोबदल्यावरून वाद झाला व त्या संस्थेच्या सभासदांच्या रचना नभोवाणीवरून बंद झाल्या. एलिंग्टन सभासद होते. त्यांना स्वतःचीच गीते तेथे वाजविता येईनात! स्ट्रेहॉर्न मात्र सभासद नव्हते. त्यांच्याकडून नव्या रचना तातडीने हव्या झाल्या. तेव्हा तो टाकलेला कागद आपण टोपलीतून काढला, असे एलिंग्टन यांचे पुत्र मर्सर पुढे सांगत. १५ फेब्रुवारी १९४१ रोजी त्या चालीचे ध्वनिमुद्रण झाले आणि तीच या वाद्यवृंदाची ओळख ठरली.

आज इतक्या वर्षांनीही ती का वाजते? तिची बांधणी साधी आहे. तिचे चार भाग; पहिला, दुसरा व चौथा सारखे, तिसरा तेवढा निराळा. म्हणून ती मनात चटकन ठसते. शिवाय मूळ चाल वाजवून झाली की, तीच चौकट ठेवून वादक आयत्या वेळी नवे सूर गुंफतो. आपला गवई एकच बंदिश दर बैठकीत निराळी फुलवितो, तसेच काहीसे हे आहे. रे नान्स यांनी १९४१ मध्ये ट्रंपेटवर गुंफलेले सूर तर इतके गोड होते की, पुढील वादक ते रचनेचाच भाग समजून वाजवू लागले. १९५७ साली एला फिट्झजेराल्ड यांनी ती आपल्या ढंगाने गाइली.

१९६३ साली एलिंग्टन भारतात आले. मुंबईतही त्यांचे कार्यक्रम झाले. स्ट्रेहॉर्न त्यांच्यासोबत होते. पण एरवी ते बहुधा पडद्यामागेच राहत. ही प्रसिद्ध चाल पुष्कळांना एलिंग्टन यांचीच वाटे. १९६७ साली स्ट्रेहॉर्न वारले.

ज्या चालीवर दुसऱ्याची छाया आहे म्हणून त्यांनी ती टाकून दिली, तिच्यातच आज नव्या वादकांना स्वतःचा सूर सापडतो. मुलांनो, आपली वही फाडून टाकण्यापूर्वी ती एकदा मित्राला दाखवावी, हे बरे!

स्वाध्याय

१. स्ट्रेहॉर्न यांनी आपली चाल टाकून का दिली?
२. नभोवाणीवरील बंदीचा या चालीला कसा उपयोग झाला?
३. 'पडद्यामागे राहणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.