लोखंडी साच्याचा प्रवास

सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात विटा हे गाव आहे. 1949 पर्यंत हा मुलूख सातारा जिल्ह्यात मोडत असे. त्या वर्षी दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्यालाच सांगली जिल्हा हे नाव मिळाले. पाऊस येथे बेताचाच. केवळ शेतीवर पोट भरेना, तेव्हा या भागातील अनेकांनी गलाईचा धंदा जवळ केला. जुने दागिने, मोड, इतकेच नव्हे तर सोनाराच्या दुकानातील केरसुद्धा गाळून त्यातून शुद्ध सोने व चांदी वेगळी करणे, म्हणजे गलाई होय. हा हुन्नर हाती घेऊन विटा-आटपाडीकडील माणसे देशाच्या कानाकोपऱ्यांत जाऊन राहिली. दूरच्या एखाद्या शहरातील सराफकट्ट्यावर माणदेशी वळणाची मराठी कानी पडली, तर बोलणारा गलाई कारागीर असण्याचा संभव फार मोठा.

अशाच एका घरातील थोरला नातू कोइमतुरास दुसऱ्याच्या भट्टीवर चार वर्षे राबला आणि आता स्वतःचे लहानसे दुकान थाटण्याच्या तयारीत होता. जागेच्या अनामतीत त्याची सारी पुंजी गेली होती. त्याने गावी आजोबांना कळवले, की तुमची हत्यारे मला पाठवा. निदान साचा तरी पाठवाच.

साचा म्हणजे वीतभर लांबीचा लोखंडी ठोकळा. त्याच्या माथ्यावर पन्हळ कोरलेली असते. मुशीत वितळलेली चांदी या पन्हळीत ओतली, की निवल्यावर तिची लगड होते. पन्हळ जितकी गुळगुळीत, तितकी लगड स्वच्छ. आबांच्या साच्याची पन्हळ चाळीस वर्षांच्या वापराने आरशासारखी झाली होती. साच्यावर गंज चढला, तर लगडीला खरे पडतात. आणि साचा दमट राहिला, तर तप्त रस पडताच पाण्याची वाफ होऊन रस उसळतो व कारागिराचे हात भाजतात. म्हणून हा ठोकळा नुसता पोहोचून भागणार नव्हते. तो कोरडा आणि निर्मळ पोहोचावयास हवा होता.

आबांचे हात आता थरथरत असत. बांधणीचे काम सातवीत शिकणाऱ्या नातीकडे आले. तिने उत्साहाने साचा, दोन हातोडे, सांडस, पकड आणि तेजाबाची एक बाटलीही ओटीवर मांडली. आबांनी बाटली प्रथम उचलून बाजूला ठेवली. तेजाब टपालाने पाठवण्यास सक्त मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. एक बाटली फुटली तर पिशवीतील इतरांची पत्रे व पार्सले जळून जातील. मग त्यांनी हातोडे व पकडही परत फडताळात ठेवली.

“आबा, दादाला हातोडा लागेलच की!” नात म्हणाली.

“लागंल. पण तो तिथं मिळतो. जे तिथं मिळतं, ते पैसे भरून कशाला पाठवायचं?”

टपालाचे शुल्क वजनावर ठरते, आणि धातूचे वजन डोळ्यांना दिसत नाही. लोखंड पाण्याच्या जवळजवळ 7.8 पट जड असते, चांदी साडेदहा पट आणि सोने 19 पटींहून अधिक. घर बांधण्याची 19 सेंटिमीटर लांब आणि 9 सेंटिमीटर रुंद व जाड अशी वीट घेतली, तर तेवढ्याच आकाराचा लोखंडी ठोकळा 12 किलो भरेल, चांदीचा 16 किलो आणि सोन्याचा 30 किलोंच्या घरात जाईल. आबांचा साचा विटेहून लहान. तरी तो 7 किलो भरला. खाजगी कुरिअरवाले पार्सलाचे वजन आणि त्याने व्यापलेली जागा यांपैकी जे भारी पडेल त्यावर पैसे घेतात. कापसाच्या उशीला हा नियम जाचक ठरतो. लोखंडाला मात्र जागा थोडी लागते, त्यामुळे त्याचा भार वजनावरच पडतो. अर्थात खर्च वाचवावयाचा तर वजनच वाचवले पाहिजे, आणि त्यात बांधणीचेही वजन आले. फळ्यांचा भक्कम खोका करावा असे नातीच्या मनात होते. परंतु तसा खोकाच तीन किलोंचा झाला असता, म्हणजे लोखंडासमवेत लाकडाचेही भाडे भरावे लागले असते.

तिने मग पुठ्ठ्याचा मोठासा डबा आणला, त्यात वखारीतला भुसा भरला आणि मधोमध साचा ठेवला. वरून पुन्हा भुसा घालून तोंड चिकटवले. डबा मोठा सुबक दिसत होता. आबा म्हणाले, “आता ह्याला ओट्याच्या पायऱ्यांवरनं खाली गडगडू दे.” नात घाबरली, पण तिने डबा ढकलला. तिसऱ्या पायरीवर डब्याचा कोपरा फाटला आणि साचा अंगणातील मातीत येऊन पडला. भुसा सर्वत्र पसरला. साच्याला काहीही झाले नव्हते.

जड वस्तूच्या बांधणीतील सारी मेख येथे आहे. काचेचे भांडे पाठवताना बाहेरच्या धक्क्यापासून आतील वस्तूला जपावे लागते. लोखंडाच्या बाबतीत उलट प्रकार असतो. तेथे आतल्या वस्तूपासून डब्याला जपावे लागते. डबा आदळून थांबतो, पण आतील ठोकळा आपल्या जडत्वामुळे पुढे जातच राहतो आणि डब्याच्या भिंतीवर हातोड्यासारखा बसतो. भुसा, कागदाचे कपटे, कापूस हे सारे हलक्या वस्तूंना ठीक. जड वस्तू त्यातून हळूहळू खाली उतरते व तळाशी जाऊन बसते. मोटारीच्या खडखडाटात रात्रभर हेच घडत असते.

दुसऱ्या खेपेस काम सावकाश झाले. साचा उन्हात तापवून कोरडा केला, त्याला तेलाचा पातळ हात दिला आणि मेणकागदात गुंडाळले. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून ते आठही कोपऱ्यांवर ताणून बसवले, कारण पुठ्ठा प्रथम फाटतो तो टोकदार कोपऱ्याने. मग साच्याच्या मापाचाच, बोटभर अधिक असा डबा जाड पुठ्ठ्यातून कापून केला. उरलेल्या फटींत पुठ्ठ्याच्या पट्ट्या घडी घालून पाचरीसारख्या ठोकल्या. हा डबा तशाच दुसऱ्या डब्यात घट्ट बसवला आणि सुतळीने आडवा-उभा आवळला. नातीने तो कानाशी धरून हलवला. आतून आवाज आला नाही. पायऱ्यांवरून तो पुन्हा एकदा गडगडला, आणि जसाच्या तसा राहिला. शेवटी त्यावर मांजरपाटाचे कापड शिवले.

शिवताना आबांना जुने दिवस आठवले. त्यांच्या तरुणपणी विम्याच्या पार्सलाच्या शिवणीवर लाखेच्या मोहोरा उठवाव्या लागत. ती मोहोर पाठवणाऱ्याची स्वतःची खूण असावी लागे. चलनी नाणे दाबून उठवलेला ठसा टपालखाते स्वीकारीत नसे, कारण तसे नाणे कोणापाशीही असावयाचे.

पत्ता कापडावर लिहिलाच, शिवाय एक चिठ्ठी आतल्या डब्यातही घातली. वरचे कापड फाटले तरी वस्तू बेवारस होऊ नये. पत्त्याखाली पिनकोड आला. 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झालेली ही पद्धती श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी योजली. टपालखात्यातील हे अधिकारी संस्कृतातील कवीही होते. विट्याचा पिनकोड 415311. गंमत अशी, की गाव सांगली जिल्ह्यात असले, तरी त्याचे पहिले तीन अंक साताऱ्याचेच राहिले आहेत. पत्त्याच्या वर नातीने ठळक अक्षरांत ‘जड वस्तू’ असे लिहिले. लहान डबा पाहून कोणी एका हाताने झटकन उचलावयास जावे आणि त्याची पाठ लचकावी, हे बरे नव्हे.

टपालाने जड वस्तू पाठवण्याला मर्यादा असते, आणि ती असावी लागते. अमेरिकेत 1913 मध्ये पार्सल टपाल सुरू झाले, तेव्हा त्याचे दर फार स्वस्त होते. 1916 मध्ये यूटा राज्यातील व्हर्नल गावी पेढीची इमारत बांधावयाची होती. तेथे रेल्वे नव्हती आणि मालवाहतूक महाग होती. म्हणून इमारतीच्या हजारो विटा सुमारे 23 किलोंच्या गठ्ठ्यांत बांधून सॉल्ट लेक सिटीहून चक्क टपालाने मागवण्यात आल्या. टपालवाले मेटाकुटीस आले. मग एका माणसाने एका दिवसात 200 पौंडांहून अधिक पाठवू नये असा नियम झाला. ही हकीकत ऐकून नात हसू लागली. “म्हणजे विटाच टपालानं गेल्या की!”

विट्यालाही रेल्वे नाही. परंतु जवळच किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी 1910 मध्ये औंध संस्थानातील ओसाड माळावर, कुंडल रोड स्थानकाशेजारी, लोखंडी नांगरांचा कारखाना उभारला. माळ नापीक, पण रूळ शेजारी. लोखंडाचा व्यापार करणाऱ्यास दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोलाची. नांगरासारखी वस्तू आगगाडीनेच जावी. साच्याला टपाल पुरेसे होते.

खिडकीशी पार्सल 8 किलो 200 ग्रॅम भरले. लवकर पोहोचवणारी सेवा महाग होती. दुकानाचा मुहूर्त पंधरवड्यावर होता, तेव्हा आबांनी संथ व स्वस्त सेवा निवडली आणि जे पैसे वाचले त्यांतून वस्तूचा विमा उतरवला. पावती नातीने वहीत जपून ठेवली.

अकराव्या दिवशी कोइमतुराहून दादाने कळवले, की साचा पोहोचला. गंजाचा ठिपका नाही. मात्र बांधणी सोडवण्यात अर्धा दिवस मोडला, आणि ट्यूबचे तुकडे त्याने भात्याला ठिगळ लावण्यासाठी ठेवून घेतले आहेत.