फोटो सेव्ह होतोय, पण दिसायला हवं ना!

बॅनर बनवणाऱ्या एका अँड्रॉइड अ‍ॅपवर मी काम करतो. वाढदिवस, निवड, गणपती, आषाढी असं काहीही निमित्त असो, लोक आपला फोटो चौकटीत बसवतात, 'सेव्ह' दाबतात आणि लगेच व्हॉट्सअ‍ॅपकडे धावतात. बटण दाबल्यापासून फोटो गॅलरीत येईपर्यंतच्या दोन-तीन सेकंदांनी मला बरंच शिकवलं.

1. नवीन मुलांची नेहमीची तक्रार असते, "लोडर लावलाय, पण दिसतच नाही." कोड उघडला की एकाच फंक्शनमध्ये ओळीने तीन कामं सापडतात: लोडर दाखव, फोटो सेव्ह कर, लोडर लपव. पण स्क्रीन रंगवणं आणि बोटाचा स्पर्श ओळखणं ही दोन्ही कामं मुख्य थ्रेडकडे असतात. टपरीवरचा एकुलता एक पोऱ्या भांडी घासायला बसला, तर गिऱ्हाइकाकडे कोण बघणार? फंक्शन संपल्यावर थ्रेडला स्क्रीन रंगवायला फुरसत मिळते, आणि तोवर लोडर लपवून झालेला असतो. काम काही हलकं नाही. 4000 गुणिले 3000 पिक्सेलचा फोटो, दर पिक्सेलला चार बाइट, म्हणजे मेमरीत जवळपास 48 एमबी. एवढ्याचं जेपेग मुख्य थ्रेडवर करायला घेतलं की स्क्रीन गोठते, आणि स्पर्शाला पाच सेकंद उत्तर मिळालं नाही की अँड्रॉइड स्वतःच 'अ‍ॅप प्रतिसाद देत नाही' अशी पाटी लावतं. म्हणून सेव्हचं काम कोरुटिनने मागच्या थ्रेडवर पाठवायचं. जुन्या पुस्तकांतला एसिंकटास्क आता नको. अँड्रॉइड 11 पासून तो मोडीत निघाला आहे.

2. टक्के ठोकून देऊ नयेत. बिटमॅपचं कॉम्प्रेस फंक्शन मधे काहीच कळवत नाही. शेवटी जमलं की नाही, एवढंच सांगतं. मग 90 टक्क्यांपर्यंत पळून तिथेच थबकणारी पट्टी कुठून येते? कुणीतरी टायमर लावून रचलेली असते. लोकांना टक्के दाखवणारी पट्टी आवडते, हे ब्रॅड मायर्स यांनी 1985 सालीच प्रयोगातून मांडलं होतं. पण ती खरी असली तर! सर्व्हरवर अपलोड करताना किती बाइट गेले ते कळतं, तिथे टक्के जरूर द्या. गॅलरीत सेव्ह करताना गोल फिरणारं चक्र जास्त प्रामाणिक.

3. चांगल्या फोनवर सेव्ह पापणी लवायच्या आत होतं. तिथे चक्र चमकून गेलं की काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं. अँड्रॉइडच्या कंटेंटलोडिंगप्रोग्रेसबारची रीत मला पटते: अर्धा सेकंद वाट बघायची, काम उरलं असेल तरच चक्र दाखवायचं, आणि दाखवलं की किमान अर्धा सेकंद ठेवायचं.

4. बटण ताबडतोब बंद करा. नाहीतर माणूस अधीर होऊन पुन्हा पुन्हा दाबतो आणि गॅलरीत एकाच साहेबांचे पाच बॅनर जमतात. मात्र सगळी स्क्रीन झाकू नका. याच कारणाने प्रोग्रेसडायलॉगला अँड्रॉइड 8 मध्ये रजा मिळाली. आधी चित्राची प्रत काढून घ्या आणि ती सेव्ह करा. वर माणूस नाव सरकवत बसला तरी बिघडत नाही.

5. फोन आडवा केला की अँड्रॉइड सहसा स्क्रीन नव्याने उभारतं. सेव्ह चालू आहे की नाही, ही नोंद व्ह्यूमॉडेलमध्ये नसेल, तर चक्र गायब आणि काम मात्र चालूच.

6. 'सेव्ह झालं' कधी म्हणायचं? माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. अँड्रॉइड 10 पासून फोटो लिहिताना 'काम बाकी' अशी खूण ठेवता येते. ती काढेपर्यंत इतर अ‍ॅपना तो दिसत नाही. खूण काढायच्या आधीच संदेश दाखवला, तर माणूस गॅलरीत शोधत राहतो आणि एक तारा देऊन मोकळा होतो. कॉम्प्रेसचं उत्तर 'नाही' आलं, तर ते ऐकायची तसदी फार थोडे कोड घेतात. शुभ सकाळच्या चित्रांनी भरलेल्या फोनमध्ये जागा संपते, लिखाण अर्ध्यावर तुटतं, एरर येते आणि चक्र मात्र फिरतच राहतं. काम जमो वा फसो, चक्र थांबवणारी ओळ 'फायनली'मध्येच हवी. अर्धवट नोंद पुसा आणि सरळ मराठीत सांगा: 'फोनमध्ये जागा नाही, फोटो सेव्ह झाला नाही.' जमलं असेल तर त्याच संदेशात 'शेअर करा' द्या. त्याला तेच तर करायचं होतं.

7. टॉकबॅक वापरणाऱ्याला चक्र दिसत नाही. सुरू झालं आणि संपलं, हे दोन्ही बोलून कळवा.

डेव्हलपर मित्रांनो, तपासणीच्या वेळी आपला महागडा फोन बाजूला ठेवा. घरातल्या कुणाचा तरी जुना, गच्च भरलेला फोन मागून घ्या आणि त्यावर 'सेव्ह' दाबा.