चोरून ऐकलेली बातमी

गावात काय चालले आहे, देशात काय चालले आहे, हे कळावे म्हणून माणूस वर्तमानपत्र वाचतो. वर्तमानपत्र म्हणजे आपला डोळा आणि आपला कान. पण कान कुठे लावायचा याची काही रीत आहे की नाही? शेजाऱ्याच्या दाराला कान लावू नये, असे आपण पोरांना शिकवतो. हीच रीत वर्तमानपत्रालाही आहे. ती मोडली म्हणजे काय होते, ते पाहू या.

इंग्लंडमध्ये 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' नावाचे एक पत्र होते. ते १८४३ साली निघाले. दर रविवारी ते निघे. किंमत कमी आणि भाषा सोपी, म्हणून कष्टकरी लोकही ते घेत. १९५० च्या सुमारास त्याच्या दर आठवड्याला ८० लाखांहून जास्त प्रती खपत. पुढे १९८४ साली त्याचा आकार लहान झाला. अशा लहान आकाराच्या पत्राला 'टॅब्लॉइड' म्हणतात. हा शब्द मूळचा औषधाच्या गोळीचा. गोळीसारखी आटोपशीर बातमी, असा त्याचा अर्थ. आटोपशीर असणे वाईट नव्हे. पण गोळीला साखरेचा लेप फार झाला, तर आत औषध उरत नाही.

या पत्रात गुन्हे, भानगडी आणि मोठ्या लोकांच्या घरातल्या गोष्टी फार येत. असल्या बातम्या लोक आवडीने वाचतात. खप वाढतो. मग दर आठवड्याला नवी भानगड हवी. ती आणायची कुठून?

त्या पत्राच्या काही माणसांनी चोरवाट धरली. फोन उचलला नाही, तर बोलणाऱ्याला आपला निरोप फोनच्या पेटीत ठेवता येई. ही पेटी गुप्त आकडा सांगितला की उघडे. बरेच लोक कंपनीने दिलेला आकडा बदलतच नसत. तो आकडा वापरून ही माणसे दुसऱ्यांचे निरोप चोरून ऐकत आणि त्यांतून बातम्या काढत.

२००७ साली या पत्राच्या एका बातमीदाराला आणि त्याच्या एका हेराला तुरुंगवास झाला. हे एकट्यादुकट्याचे काम आहे, असे मालक मंडळी सांगत राहिली. पण 'गार्डियन' नावाच्या दुसऱ्या पत्राने पिच्छा सोडला नाही. जुलै २०११ मध्ये त्याने एक भयंकर गोष्ट छापली. २००२ साली १३ वर्षांची एक मुलगी बेपत्ता झाली होती. आईबाप आणि पोलीस तिला शोधत होते. त्याच दिवसांत या लोकांनी त्या मुलीच्या फोनमधले निरोप चोरून ऐकले होते. पुढे त्या मुलीचा खून झाल्याचे उघड झाले होते.

हे वाचून सारा देश खवळला. जाहिरातदारांनी हात आखडले. १० जुलै २०११ रोजी शेवटचा अंक निघाला आणि १६८ वर्षांचे पत्र बंद पडले. सुमारे २०० माणसांची नोकरी गेली. त्यांतल्या पुष्कळांचा काही दोष नव्हता. सुक्याबरोबर ओलेही जळाले. २०१४ साली त्या पत्राच्या एका माजी संपादकाला १८ महिन्यांची कैद झाली.

एक गोष्ट ध्यानात घ्या. वर्तमानपत्राचे पाप वर्तमानपत्रानेच उजेडात आणले. आणि 'गार्डियन'च्या बातमीतही एक तपशील पक्का नव्हता. त्या मुलीचे काही निरोप या लोकांनी पुसले, असे त्यात होते. ते पुरेसे सिद्ध झाले नाही. तेव्हा 'गार्डियन'ने दुरुस्ती छापली. चूक कोणाचीही होते. ती चारचौघांत सुधारतो तो भला.

आता दुसरी बाजू पाहा. अनेक देशांत छापील पत्रांचा खप उतरला आहे. बातमी फोनवर फुकट मिळते आणि जाहिरातीही तिकडेच गेल्या. इंग्लंडमधल्या 'इंडिपेंडंट' पत्राने मार्च २०१६ मध्ये छापील अंक बंद केला. पैसा आटला, म्हणजे बातमीच्या मागे वर्षानुवर्षे हिंडणारा बातमीदार कोण पोसणार?

कोणी म्हणेल, बरे झाले, वाईट पत्रे जातील. पण पत्र गेले म्हणून अफवा जात नाही. छापील पत्रावर संपादकाचे नाव असते, पत्ता असतो. त्याला जाब विचारता येतो. आपल्या देशात तर संपादकाने दाद दिली नाही, तर भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे तक्रार करता येते. फोनवर फिरणाऱ्या निरोपाला मात्र ना नाव, ना गाव.

त्याचे फळ आपल्या महाराष्ट्राने पाहिले आहे. 'मुले पळविणारी टोळी आली आहे' अशी अफवा फोनवरून पसरली होती. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावात भिक्षा मागून पोट भरणारी भटक्या समाजाची पाच माणसे आली. जमावाने त्यांना ठार मारले. ती टोळी नव्हती. ती गरीब माणसे होती.

तेव्हा वाचायला शिकलो एवढ्यावर थांबू नका. बातमी वाचली की तीन गोष्टी विचारा : हे कोण सांगतो? त्याला कसे कळले? हे छापून लोकांचे भले होते, की नुसती कोणाची अब्रू जाते? उत्तर मिळाले नाही, तर ती बातमी पुढे सांगू नका. चव्हाट्यावर आणणारा जितका जबाबदार, तितकाच ती चघळणाराही जबाबदार.

सांगा पाहू :
१. 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' का बंद पडले?
२. 'गार्डियन'ने दुरुस्ती छापली, हे चांगले केले की वाईट? का?
३. तुमच्या गावात अफवा आली, तर तुम्ही आधी कोणाला विचाराल?