बाळंतिणीची विचारपूस

प्रसूतीनंतर रुग्णालयातून निरोप घेताना जो कागद माझ्या हाती पडला, त्यात बाळाचे वजन, लसींच्या तारखा, पुढील तपासणीचा वार, असे सारे तपशीलवार नोंदलेले होते. मातेच्या वाट्याला मात्र लोहाच्या गोळ्यांपलीकडे एक ओळही आली नव्हती. माहेरी शेक, धुरी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू यांत तिळमात्र कसूर नव्हती, आणि तरीही, पहिला आठवडा सरण्यापूर्वीच कपाळ ठणकू लागून डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले, तेव्हा ‘जागरणाने होते, कानाला फडके घट्ट बांध’ असाच निर्वाळा वडीलधाऱ्यांकडून मिळाला.

सुदैवाने त्याच दुपारी आशाताई गृहभेटीस आल्या. बाळाला तोलून झाल्यावर त्यांनी माझी विचारपूस केली, आणि डोकेदुखीचे नाव निघताच आईला बजावले, “काकू, शेक राहू द्या, आधी हिचं बीपी बघू.” आरोग्य केंद्रातील सिस्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळून एकदा मोजले, काही न बोलता पुन्हा मोजले: 160 वर 110. झटके येऊ नयेत म्हणून तेथेच मॅग्नेशियम सल्फेटची इंजेक्शने देऊन मला 108 च्या गाडीने जिल्ह्याच्या ठिकाणी रवाना करण्यात आले.

गर्भारपणी माझा रक्तदाब कधीच चढला नव्हता. परंतु प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास तो सर्वाधिक असतो, आणि नेमक्या याच दिवसांत बाळंतीण दवाखान्याच्या नजरेआड, घरी असते. म्हणून आशाताईंच्या 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवसांच्या भेटी केवळ बाळाच्या मानू नयेत. आपली दुखणी त्यांच्यापुढे निःसंकोच मांडावीत. तीव्र डोकेदुखी, अंधारी, बरगडीखाली दुखणे, 100.4 अंशांवर ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, तासाभरात पॅड भिजवणारा रक्तस्राव, एकाच पोटरीला सूज, श्वास लागणे, यांपैकी काहीही दिसल्यास पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मन सतत उदास राहून दोन आठवड्यांनंतरही रडू आवरत नसेल, तर तेही दुखणेच होय, नाजूकपणा नव्हे.

सव्वा महिन्याची विश्रांती ही आपल्या घराण्यांतील मोठी शहाणी रीत आहे, ती मोडू नये. मात्र दवाखान्यात जाणे त्या रीतीच्या आड येत नाही, हे घरच्यांना प्रसूतीपूर्वीच समजावून ठेवावे. लोहाच्या गोळ्या 180 दिवस घ्याव्यात. सहाव्या आठवड्याच्या तपासणीत रक्तदाब आणि हिमोग्लोबिन आवर्जून मागून पाहावे, आणि रक्तदाब उतरला नसेल तर आपल्या मनाने औषध बंद न करता फिजिशियनकडे जावे. पुढील गर्भारपणी हा इतिहास पहिल्याच भेटीत डॉक्टरांच्या कानी घालावा.